शेजारच्या घरातली धप् : भुताच्या गोष्टीचं पुस्तक करतानाच्या नोंदी

३० मार्च

ठरलं. मे महिन्याच्या सुट्टीत गल्लीतल्या पोरांच्या हातात भीतीची एक गोष्ट द्यायची. छापलेली, चित्रांची, ज्याची त्याला वेगळी प्रत. गोष्ट मी लिहिणार, चित्रं भाचा काढणार. त्याची अकरावीची परीक्षा संपत आलीये आणि नाहीतरी तो पंख्याखाली मोबाइलच बघत पडणार आहे. प्रती ४०, खर्चाला ३,००० रुपये बाजूला काढलेत. मी सोलापुरात सुताच्या पेढीवर हिशेब लिहिते, पुस्तक करण्याचा अनुभव शून्य. म्हणून या नोंदी. उद्या कुणाला आपल्या गल्लीसाठी असं काही करावंसं वाटलं तर निदान माझे खड्डे तरी त्याला चुकवता येतील.

गोष्ट डोक्यात तयार आहे. गल्लीत नवा शेजारी येतो, तोही रात्री. दिवसा दार बंद. हात कोपरापर्यंत निळे. रात्रभर घरातून खटक्-खट, खटक्-खट. पोरांना वाटतं हा हाडं फोडतोय. शेवटी कळतं की तो विणकर आहे आणि हात रंगानं निळे झालेत. दोन संध्याकाळींत लिहून होईल.

५ एप्रिल

दोन नाही, पाच संध्याकाळी गेल्या. त्यातल्या तीन तर पार वाया. मध्येच मला वाटलं की शेजारी बंद पडलेल्या मिलच्या चाळीत राहायला येतो असं दाखवावं. चिमणी, गंजलेलं फाटक, मध्यरात्री आपोआप वाजणारा भोंगा. चार पानं लिहिल्यावर लक्षात आलं की भोंग्यावर घड्याळ लावणारे आमचे वडील. या पोरांनी भोंगा ऐकलेलाच नाही, तर तो आपोआप वाजला काय आणि न वाजला काय! चारही पानं काढून टाकली.

आज पहिलं वाचन झालं. गच्चीवर नऊ पोरं, वय सात ते अकरा. मी आवाज घोगरा काढून सुरुवात केली. दुसऱ्या पानावर ‘खटक्-खट’ आलं आणि तिसरीतला एक जण म्हणाला, “अक्का, माग आहे की ओ तो.”

झालं. चार मिनिटांत गोष्ट संपली. अजून बारा पानं माझ्या हातात होती.

निळ्या हातांचंही तेच. “माझ्या पप्पांचे पण असतात. डाइंगला आहेत ना.” वर एका मुलीनं माझी चूकही दुरुस्त केली : पॉवरलूम ‘खटक्-खट’ करतच नाही, तो न थांबता ‘खटखटखटखट’ करतो. मध्ये श्वास घेतो तो हातमाग. तिनं दोन्ही आवाज तोंडानं काढून दाखवले आणि बरोबर काढले.

घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं की मी सोलापूरच्या पूर्व भागात बसून पुण्याच्या पोरांसाठी गोष्ट लिहिली होती. ज्याला मागाचा आवाज माहीत नाही तोच त्या आवाजाला घाबरेल. आमची पोरं त्या आवाजात झोपतात. आवाज बंद झाला की जागी होतात.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं.

६ एप्रिल

आज पोरांनाच विचारलं, तुम्हाला भीती कशाची वाटते? मुंजा, हडळ, उलटे पाय यांना कुणी हिंग लावून विचारेना. पिंपळावरचा मुंजा तर बादच, गल्लीत पिंपळच नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावर, म्हणजे तिथल्या जत्रेत, भूतबंगला लागतो. तिथल्या सापळ्याबद्दल एक जण म्हणाला, “तो दरवर्षी तोच असतोय.” भुताच्या नावावरच दहा मिनिटं भांडण. तेलुगू घरातली पोरं ‘दय्यम’ म्हणतात, एक कन्नड घरातला ‘देव्वा’ म्हणत होता, आणि दोघांचं म्हणणं असं की मराठी ‘भूत’ जरा मऊ वाटतं. (मला पटलं. भूतला शेवटी धक्काच नाही.)

सगळे उठायला लागले तेव्हा चौथीतली एक मुलगी, जी आत्तापर्यंत एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, “अक्का, पाणी आलं आणि तो भरायलाच आला नाही तर?”

सगळे गप्प झाले.

सोलापूरच्या बाहेर राहणाऱ्यांना यातली भीती कळायची नाही म्हणून सांगते. आमच्याकडे नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं. ते आलं की माणूस कितीही आजारी असो, भांडलेला असो, रात्रीचे दोन वाजलेले असोत, घागर घेऊन बाहेर येतोच. न येणारा म्हणजे गावाला गेलेला किंवा मेलेला. आणि हा तर गावाला गेलेला नाही. घरात दिवा दिसतोय.

गोष्ट मिळाली. ती माझी नाही, त्या मुलीची आहे. पुस्तकात पहिल्या पानावर तिचे आभार मानायचे ठरवलं होतं, पण तिच्या आईनं नाव छापू नका म्हणून सांगितलं. नाव नाही, पण आभार आहेत.

८ एप्रिल

नव्यानं लिहायला घेतलं. मुलीचं नाव चिन्नी. सुरुवात अशी :

‘आमच्या गल्लीत अकरा घरं आणि दहा घरांचा आवाज. अकराव्या घरात आवाज नव्हता. त्या घरात माग होता, आम्ही स्वतः तो हातगाडीवरून उतरताना बघितला होता. पण तो वाजत नव्हता.’

यात भूत नाही, अंधार नाही, तरी वाचून दाखवल्यावर भाच्यानं मोबाइल खाली ठेवला. मी हेच माप धरणार आहे.

आता अडचण ही की माग आहे आणि वाजत नाही, याला कारण काय द्यायचं? मी लिहून टाकलं की तो मुका माग आहे, चित्रं विणायचा, त्याला आवाजच नसतो. सोलापुरात हातमागावर वॉल हँगिंग विणतात हे माहीत होतं, पण विणताना कधी जवळून पाहिलं नव्हतं. पेढीवरच्या एकानं ओळखीच्या विणकराकडे पाठवतो म्हणून सांगितलंय.

१२ एप्रिल

हा दिवस वाया गेला असता तर पुस्तकच वाया गेलं असतं. अडीच तास त्या विणकराच्या, मामांच्या, घरी बसले. (नाव छापायचं नाही या अटीवर बोलले.) साठी ओलांडलेले, समोर अर्धा विणलेला मोर.

मी गोष्ट सांगितली. सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, “बाई, मुका माग नसतोय. फणी मारावीच लागते.”

मग काम करून दाखवलं. साध्या कापडात आडवा धागा नेणारा धोटा या काठापासून त्या काठापर्यंत पळतो. चित्रात तो पळत नाही. गळ्याच्या जागी निळा, पिसाच्या जागी हिरवा, डोळ्याच्या जागी चार धागे काळे. प्रत्येक रंगाची बोटभर कांडी ताण्याच्या, म्हणजे उभ्या ताणलेल्या, धाग्यांतून हातानं ओवायची, जिथं रंग संपतो तिथून मागे फिरवायची. ताण्याखाली कागदावरचं चित्र अडकवलेलं असतं, त्यावर नजर ठेवून चालायचं. मामांच्या अंगठ्याच्या कडेला धाग्यानं पडलेली एक खाच आहे, नखाच्या बाजूनं आत गेलेली. कांडी सोडून पुढची उचलताना धागा बरोबर तिथंच जाऊन बसतो, त्यांना बघावंही लागत नाही. अशी एक आडवी ओळ पुरी झाली की धागे ठोकून बसवणारी फणी अंगाकडे ओढायची. धप्.

आणि पुन्हा सगळं शांत.

मी घड्याळ लावून बसले. पाव तासात तीन वेळा. बाहेर शेजारच्या कारखान्यात पॉवरलूम चालू होते, त्यामुळे आतली धप् दारापर्यंतही जात नव्हती. मग लाइट गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले, कानात दडे बसल्यासारखं झालं. मामा उठले, खिडकीचं दार सताड उघडलं, परत येऊन बसले. हातमागाला लाइट कुठं लागते?

धप्.

मला स्वतःला दचकायला झालं, आणि मी तर समोर बसले होते.

आणखी दोन चुका त्यांनी दाखवल्या. माझ्या गोष्टीत चिन्नी रोज रात्री मागच्या खिडकीतून डोकावते आणि तिला मागावर एक चेहरा दिसतो. पहिल्या रात्री हनुवटी, मग ओठ, मग नाक, आणि शेवटच्या रात्री पूर्ण चेहरा तिच्याकडे बघतोय. यावर मामांनी नुसती मान हलवली. “विणलेलं पुढच्या रुळावर गुंडाळत जातंय. नाक येईपर्यंत हनुवटी आत गेली असणार. पूर्ण चेहरा कुणालाच दिसत नाही, मला पण नाही. काम उतरवल्यावर दिसतो.”

दुसरी चूक. ते मागाच्या पुढं बसतात, हनुवटी त्यांच्या बाजूला. खिडकी मागच्या बाजूला. म्हणजे चिन्नीला दिसेल ते सगळं उलटं, तेही ताण्याच्या दोऱ्यांआडून.

येताना रिक्षात डोकं भणभणत होतं. उलटा चेहरा, तोही फक्त वीतभर पट्टी, आणि खालचा भाग रोज कुठंतरी गिळला जातोय. हसरे ओठ उलटे दिसले की रडके दिसतात! मी आठवडाभर डोकं खाजवून जे बनवू शकले नव्हते ते मागावर आधीच होतं.

रिक्षा येण्याजाण्याची १४०. मामांनी चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत.

१६ एप्रिल

तिसरा खर्डा झाला. आता गोष्ट अशी चालते : नवा शेजारी येतो, त्याचा माग वाजत नाही. पाणी येतं, तो येत नाही. लाइट जाते, गल्ली गप्प होते आणि धप् येते. चिन्नी डोकावते. रडके ओठ. दुसऱ्या रात्री ओठ नाहीसे, तिथं नाक. तिसऱ्या रात्री नाक नाहीसं, तिथं डोळे.

पाण्याचं कारण साधं आहे. त्या घराच्या मागल्या अंगणात जुना आड आहे, तो बुजवलेला नाही. हे सांगायला मी आख्खं पान घेतलं होतं, ते दोन ओळींवर आणलं. कारणं जितकी लांबवाल तितकी भीती पातळ होते, आमटीत पाणी ओतल्यासारखी.

२१ एप्रिल

चित्रं. रात्रीची गोष्ट आहे म्हणून भाच्यानं शाळेत शिकलेली पद्धत काढली. जाड कागदावर आधी पांढरा मेणखडू भरपूर घासायचा, वर काळा पोस्टर रंग, वाळला की टोकदार वस्तूनं खरवडायचं. काळ्यातून पांढऱ्या रेघा निघतात, दोऱ्यासारख्या. ताण्यासाठी याहून चांगलं काही सापडलं नसतं.

पहिले दोन कागद गेले. मेणावर पाण्याचा रंग बसत नाही, थेंब थेंब होऊन पळतो. रंगात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले तेव्हा बसला. हे आधी माहीत असतं तर एक दिवस वाचला असता.

मग ऊन. पारा ४२ च्या पुढं, आणि या शहाण्यानं चार पूर्ण झालेली चित्रं गच्चीच्या जिन्यात वाळत ठेवली. मेण मऊ झालं. वरचा काळा रंग दोन चित्रांवर पापुद्र्यासारखा उचलला गेला. एक पार गेलं. दुसऱ्यात, जिथं शेजाऱ्याच्या खोलीची भिंत आहे तिथं, तळहाताएवढा उभा पांढरा डाग पडला. हेच चित्र सगळ्यांत चांगलं जमलं होतं. मी म्हटलं नवीन काढ. तो म्हणाला, “मावशी, सहा तास लागलेत.” शेवटी त्या डागाला वर एक खुंटी काढली, खाली दशा काढल्या, आणि झाला टॉवेल. सोलापूरच्या घरात भिंतीला टॉवेल नसेल तर कुठं असेल?

बाकीची चित्रं घरातल्या सगळ्यांत थंड जागी वाळवली, म्हणजे माठाच्या बाजूला.

साहित्य : कागद १८०, खडू ६०, रंग ९०. खरवडायला माझी स्वेटर विणायची सुई. ती आता स्वेटरच्या कामाची राहिली नाही.

२८ एप्रिल

दुसरं वाचन, या वेळी रात्री साडेआठला. शेजारी लाकडी पाट ठेवला होता. ‘धप्’ आली की त्यावर मूठ मारायची असा बेत. पहिल्यांदा मारली तेव्हा दोघं हसले. चूक माझी होती, मी मारायच्या आधी थांबतच नव्हते. दुसऱ्यांदा वाक्य संपवून मनात सहा आकडे मोजले आणि मग मारली. एक जण थेट जिन्यापर्यंत गेला.

पण शेवट पडला. म्हणजे पोरांना आवडला, आयांनी पाडला. त्या खर्ड्यात चिन्नी शेवटच्या रात्री एकटी त्या घरात शिरते, आणि चेहरा चिन्नीचाच निघतो. शेजारी म्हणतो, रोज रात्री माझ्या खिडकीत हा चेहरा येतो, मीच घाबरलो होतो. या कलाटणीवर मी स्वतः खूश होते, खोटं कशाला बोलू?

विड्या वळता वळता ऐकत बसलेल्या एका आईनं सूप बाजूला ठेवलं. “अक्का, गोष्ट चांगली आहे. पण उद्या माझी पोरगी रात्री अनोळखी माणसाच्या घरात एकटी गेली, तर शोधायला तुम्ही येणार का?”

मी म्हणणार होते की गोष्टच आहे. म्हटलं नाही. तिचं बरोबर होतं. अनोळखी माणूस गुपचूप लहान मुलीचा चेहरा विणतोय, यात भुतापेक्षा वेगळी भीती आहे आणि ती मला या पुस्तकात नको होती.

३ मे

शेवट बदलला. तीन वेळा. आता चिन्नी अव्वाला, म्हणजे आजीला, घेऊन जाते, दिवसाढवळ्या, समोरच्या दारानं, कडी वाजवून. शेजारी काम उतरवत असतो. अव्वा मागाच्या पुढच्या बाजूला जाते आणि चेहरा पहिल्यांदाच सुलटा दिसतो. रडके ओठ हसरे होतात. अव्वा म्हणते, “ही तर माझी मैत्रीण. सुपाला सूप लावून विड्या वळायचो आम्ही.” शेजारी तिचा मुलगा. याच घरात जन्मला, भिवंडीला मागावर गेला, तीस वर्षांनी रात्रीच्या गाडीनं परत आला. म्हणजे नवा शेजारी गल्लीत सगळ्यांच्या आधीचा होता.

भाच्याचं मत, “आता रडवणारी झाली, भीतीची नाही राहिली.” मी म्हटलं चौदा पानं घाबरवलंय, एक पान सोड की.

७ मे

छपाईचं गणित. हे नीट वाचा, इथं माझे पैसे जाता जाता वाचले.

ए-फोर कागद दुमडून पुस्तक करायचं तर पानं चारच्या पटीतच बसतात. माझी झाली होती अठरा. म्हणजे एक तर वीस करून दोन कोरी सोडा, नाहीतर सोळावर आणा. सोळावर आणली. जी दोन गेली त्यांत शेजाऱ्याचं भिवंडीतलं आयुष्य होतं. लिहिताना जीव ओतला होता, काढल्यावर कुणाला काही कमी वाटलं नाही.

दुसरी गंमत. शेवटचा मोठा चेहरा आम्ही १४ आणि १५ या दोन समोरासमोरच्या पानांवर पसरून काढला होता. घरी कोऱ्या कागदांची वही दुमडून आकडे टाकून पाहिले तेव्हा कळलं की १४ एका कागदावर आहे आणि १५ दुसऱ्याच. सोळा पानांच्या पुस्तकात अखंड कागदावर समोरासमोर फक्त ८ आणि ९ येतात. बाकी कुठंही चित्र पसरलं की नाकातून चिरलं जाणार आणि दोन अर्धी दोऱ्याभर तरी वरखाली होणार. म्हणून चेहरा एकट्या १५ वर आणला, आणि उलटा ठेवला. १४ वर एवढंच : ‘अव्वा पलीकडे गेली. तूही जा. पुस्तक फिरव.’ पोरानं पुस्तक हातात फिरवलं की रडका चेहरा हसेल.

ही कल्पना भाच्याची. त्याला वरून शंभर रुपये दिले, हिशेबात धरलेले नाहीत.

११ मे

मजकूर मी मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केला होता. छपाईवाल्याकडे युनिकोड न समजणारा जुना फॉन्ट, त्यात उघडला तर ‘दुसऱ्या’चं भलतंच काही झालं, ‘चिन्नी’चा न् सुटून लांब उभा. सगळं पुन्हा टाइप करायचे ८०० सांगितले. नको म्हटलं. पेढीवरच्या कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीत पानं लावली, फॉन्ट आत बसवून पीडीएफ काढली, तीच नेली. दोन दुपारी गेल्या, पैसे शून्य. अक्षर १६ पॉइंट ठेवलं. आधी १२ होतं, पण दुसरीतला एक जण ओळीवर बोट ठेवून वाचतो आणि त्याच्या बोटाखाली दोन ओळी जात होत्या.

१५ मे

नमुना प्रत आली. आतली पानं छान, १०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) कागदावर काळा पाठीमागे उमटत नाही. मुखपृष्ठ मात्र वाया : पूर्ण काळं, ३०० जीएसएमचं कार्ड, दुमडलं तिथं काळा रंग तडकून पांढरी भेग पडली. उपाय दोन निघाले. दुमडायच्या आधी क्रीज, म्हणजे घडीची खाच, मारून घ्यायची आणि वर मॅट लॅमिनेशन करायचं. शिवाय आम्ही कण्याच्या जागी काळ्याऐवजी बोटभर पांढरा पट्टा सोडला, त्यात उभ्या रेघा ओढल्या, ताण्यासारख्या. आता भेग पडली तरी ती दोऱ्यात खपून जाते.

दर : आतले चार कागद दोन्ही बाजूंनी, कागदाला ६, म्हणजे प्रतीला २४. मुखपृष्ठ २५, लॅमिनेशन ८, क्रीज-पिन-कटिंग ६. प्रत ६३ रुपयांना पडली, ४० प्रतींचे २,५२०. साहित्य आणि रिक्षा धरून २,९९०. दहा रुपये शिल्लक! घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

२० मे

सांगायची घाई केली.

गठ्ठा आणला, वरची प्रत उघडली, पान १५ सुलटं. चेहरा हसतोय. दुसरी प्रत, सुलटं. चाळीसच्या चाळीस. छपाईवर बसलेल्या पोरानं चांगुलपणानं केलं होतं. “मॅडम, तुमचं एक पान उलटं लागलेलं, मी सरळ करून टाकलं.” त्याच्यावर काय चिडणार? मी फाइल देताना एक शब्द बोलले नव्हते, नमुना प्रतीत बरोबर आलं म्हणून गाफील राहिले. उलटं हवं असेल तर त्या पानावर पेन्सिलनं मोठ्या अक्षरात लिहून द्या, आणि वर तोंडानंही सांगा.

पान १५ ज्या कागदावर आहे त्यावरच १, २ आणि १६ आहेत, आणि तो सगळ्यांत बाहेरचा. म्हणून पिना उपसून तेवढाच एक कागद बदलता आला. ४० कागदांचे २४०. पिना आम्ही घरी काढल्या, चमच्याच्या दांड्यानं, रात्री अकरापर्यंत. तीन प्रतींची मुखपृष्ठं भोकापाशी फाटली, म्हणून पुस्तकं ३७ झाली. खर्च ३,२३०.

२५ मे

वाटप. शेवटचं वाचन मी केलंच नाही, ज्यानं त्यानं आपलं वाचलं. संध्याकाळी गच्चीवर चौदा पोरं, कुणी भिंतीला टेकून, कुणी पालथं. गल्लीतले माग चालू होते, त्यामुळे एकमेकांचं वाचणं कुणाला ऐकू जात नव्हतं आणि जो तो आपापल्या जागी एकटा घाबरत होता. पान १५ ला पुस्तकं एकेक करून फिरायला लागली. पाण्याची कल्पना देणारी मुलगी पुस्तक न फिरवता स्वतःच मान वाकडी करून, जवळजवळ उलटी होऊन बघत होती.

मग आठव्या पानावरून आरडाओरडा.

“अक्का, हा दुसरा कोण आहे?”

आठवं पान म्हणजे शेजाऱ्याच्या खोलीचं चित्र. तो मागावर वाकलेला, पाठमोरा. मी म्हटलं एकटाच आहे की. “नाही ओ, हा भिंतीला उभा आहे तो.” बोट टॉवेलवर. मी सांगितलं, टॉवेल आहे तो. खुंटी बघा, दशा बघा. दोघांनी पटल्यासारखं केलं. तिसरीतला तो पहिल्या दिवशीचा पोरगा म्हणाला, “टॉवेल असता तर त्याची सावली पडली असती.” भाच्याकडे बघितलं. टॉवेलची सावली काढायची त्याच्या डोक्यातच नव्हती, तिथं मुळात डागच होता. तो आकाशात बघायला लागला.

आत्ता रात्री दहाला एक प्रत परत आली. दुसरीतल्याच्या आईनं आणून दिली. हे पुस्तक घरात असलं की तो झोपत नाही म्हणाली, सकाळी परत मागेल तेव्हा द्या. उघडून बघितलं. आठव्या पानावर टॉवेलला पेन्सिलनं दोन डोळे काढलेत, कागद फाटेस्तोवर गिरवलेले.

मी ती प्रत स्वयंपाकघरात माठाच्या बाजूला ठेवली आहे, पालथी.

३१ मे

आणखी दहा प्रतींची मागणी आली आहे, पलीकडच्या गल्लीतून. प्रतीमागे ७० घेणार. भाच्यानं विचारलं, टॉवेलला सावली काढू का? नको म्हटलं.